आरोग्यमंत्री साहेब, बायॉप्सीच्या फॉर्मवर एक चौकोन वाढवा

मा. आरोग्यमंत्री साहेब,
नमस्कार.

मी जिल्ह्याच्या ठिकाणी एका खाजगी लॅबमध्ये हिस्टोपॅथचा, म्हणजे बायॉप्सीचे तुकडे तपासायच्या विभागाचा टेक्निशियन आहे. फॉर्मॅलिनच्या बाटलीत आतड्याचे दोन-तीन मिलिमीटरचे तुकडे येतात आणि सोबतच्या फॉर्मवर असतं "वय ७०, संडासवाटे रक्त, अल्सरेटिव्ह कोलायटिस?" (मोठ्या आतड्याला सूज आणि अल्सर आणणारा जुनाट आजार), बास एवढंच. सीएमव्ही हे नाव त्यावर क्वचितच दिसतं, आणि विचारलंच नाही तर मुद्दाम शोधणार कोण?

सीएमव्ही म्हणजे सायटोमेगॅलोव्हायरस. आपल्यातल्या बहुतेकांना तो कधीतरी होऊन गेलेला असतो, कळतही नाही, मग आयुष्यभर अंगात गप पडून राहतो. एचआयव्ही, किडनी ट्रान्सप्लांट, केमोचा, म्हणजे प्रतिकारशक्ती उतरलेला पेशंट असला की डॉक्टरांना तो लगेच आठवतो. पण यातलं काहीच नसलेल्या माणसाच्या आतड्यातही तो अल्सर करतो, रक्त पाडतो. २०२१ च्या एप्रिल-मेमध्ये दिल्लीच्या सर गंगाराम हॉस्पिटलात असे ५ कोविड पेशंट सापडले, कोविडनंतर २०-३० दिवसांनी पोटदुखी आणि रक्तस्राव, एकाचं उजव्या बाजूचं मोठं आतडं तातडीने काढावं लागलं, एकजण गेला, तिघं गॅन्सिक्लोव्हिर या व्हायरसवरच्या औषधाने बरे झाले. आता कुणी म्हणेल कोविडने आणि स्टेरॉइडने त्यांची प्रतिकारशक्ती तात्पुरती उतरलेली होती. बरोबर आहे, पण मग न्यूमोनिया होऊन आयसीयूतून बाहेर आलेले आपले आजी-आजोबा वेगळे आहेत का?

तरुण पेशंट पुष्कळदा आपोआप सावरतो. २००५ मध्ये प्रतिकारशक्ती धड असूनही आतड्यात सीएमव्ही झालेल्या ४४ केसेसचा अभ्यास छापून आला, त्यात साधारण एक तृतीयांश लोक आपोआप बरे झाले आणि ते बहुतेक ५५ च्या आतले. भीती आहे ती म्हाताऱ्यांची. त्यांचं काय होतं, तर आधी हगवण म्हणून अँटिबायोटिक, मग कोलोनोस्कोपी, मग अल्सरेटिव्ह वाटतंय म्हणून स्टेरॉइड चालू, आणि आत व्हायरस असेल तर त्याला रान मोकळंच की हो. रक्ताच्या पीसीआरवर विसंबून चालत नाही, आजार आतड्यातच असेल तर तो निगेटिव्हही येतो. नेहमीच्या स्लाइडवर घुबडाच्या डोळ्यासारखी पेशी दिसली तर नशीब, नाहीतर आयएचसी स्टेनच (तुकड्यातला व्हायरस रंगाने दाखवणारी तपासणी) लागतो. तो आमच्याकडे नाही, म्हणून ब्लॉक (मेणात बसवलेला तुकडा) कुरियरने पुण्याला, पैसे पेशंटचे, आणि रिपोर्ट येईपर्यंत नातेवाईक काउंटरवर रोज विचारतात "आला का?"

जिल्ह्या-जिल्ह्यात मशीन बसवा असं म्हणत नाही (बसवून धूळ खात पडलेली बघितलीयत). सरकारी मेडिकल कॉलेजात हा स्टेन नियमित ठेवा, जिल्हा आणि उपजिल्हा रुग्णालयांचे ब्लॉक तिथे फुकट घ्या, रिपोर्ट फोनवर कळवा. बायॉप्सीच्या फॉर्मवर सीएमव्हीचा एक चौकोन छापा, आणि वयस्कर माणूस मोठ्या आजारपणानंतर रक्ताचे जुलाब घेऊन आला तर शक्यतो स्टेरॉइडच्या आधीच त्यावर टिक झाली पाहिजे असं परिपत्रक काढा. गॅन्सिक्लोव्हिरचं इंजेक्शन दिवसातून दोनदा, दोन-तीन आठवडे द्यावं लागतं, पांढऱ्या पेशी उतरतात म्हणून सीबीसी (रक्तपेशी मोजायची तपासणी) करत राहावं लागतं, तेव्हा औषध जिल्हा रुग्णालयाच्या स्टोअरमध्येच असू द्या. आणि जनआरोग्य योजनेत हा खर्च नेमका कशाखाली धरायचा ते लेखी कळवा, काउंटरवरच्या पोराला विचारलं तर तो आमच्याच तोंडाकडे बघतो.

फॉर्मचा नमुना मी टाइप करून ठेवलाय, एकच पान आहे, आपलं ऑफिस म्हणेल तिथे पाठवतो.

आपला,
एक लॅबवाला