रेवदंड्याच्या घराचा आकडा

प्रिय आई, प्रिय बाबा,
शालोम.

गुरुवारी फोनवर नीट बोलणं झालं नाही. मागे नातवंडांचा गोंधळ होता आणि तुमचा प्रश्न घाईत उत्तर देण्यासारखा नव्हता, म्हणून इथे इस्रायलमधून लिहायला बसले आहे. बाबा, तुम्ही म्हणालात, रेवदंड्याच्या घराला ६० लाखांचं गिऱ्हाईक आलंय, पण खरेदीखतावर ३५ दाखवायचे आणि वरचे २५ रोख. मग विचारलंत, "तुमच्याकडे तिकडे एवढे धर्मगुरू, राब्बी आहेत, आपला यहुदी धर्म काय म्हणतो याला?" तुम्ही सहज विचारलंत. मला मात्र तीन रात्री झोप लागली नाही.

आधी एक गोष्ट कबूल करते, जी तुम्हाला सांगितली नव्हती. गेल्या वर्षी आम्ही स्वयंपाकघर नवीन करून घेतलं. कंत्राटदाराने पहिल्याच दिवशी विचारलं, "खेश्बोनीतसकट की खेश्बोनीतशिवाय?" खेश्बोनीत म्हणजे पक्कं बिल. इथे मूल्यवर्धित कर २०२५पासून १७ टक्क्यांचा १८ झालाय. बिल नको म्हटलं की तेवढा वाचतो. मी हिशेब ठेवण्याचं काम करते, दिवसभर लोकांची बिलं तपासते, आणि तरी मी "शिवाय" म्हटलं. पैसे पाकिटात घालून दिले. सहा महिन्यांनी सिंकखालचा पाइप गळायला लागला, तेव्हा कंत्राटदार फोन उचलेना. माझ्या हातात एक चिटोरंही नव्हतं. पण मला लागलं ते वेगळंच. त्या संध्याकाळी तुमची नात गृहपाठ घेऊन बसली होती, तिने विचारलं, "ईमा (आई), त्या काकांना पैसे दिल्याचं आपण लिहून का नाही ठेवलं?" मला उत्तर देता आलं नाही.

तेव्हापासून शब्बाथच्या, म्हणजे शनिवारच्या, दुपारी सिनेगॉगमध्ये मंडळी ताल्मुद, म्हणजे जुन्या आचार्यांच्या धर्मचर्चांचा ग्रंथ, वाचायला बसतात तिथे जाऊन बसते. हे विचारण्यासाठीच गेले होते, असं म्हटलं तरी चालेल.

बाबा, आपल्या धर्मात याला सरळ एक वाक्य आहे. तिसऱ्या शतकात बाबिलोनमधल्या नेहारदेआ गावात श्मुएल नावाचे मोठे आचार्य होते. ते म्हणाले, "दिना दमल्खुता दिना", म्हणजे राज्याचा कायदा हाच कायदा. हे कुठल्या राज्याबद्दल, तर इराणच्या राजाच्या. आपला नसलेला, आपल्या देवाला न मानणारा राजा, तरी त्याचा कर देणं हे श्मुएलच्या लेखी धर्माचंच काम.

तुम्ही म्हणाल, तेव्हाचे राजे काय आणि आताचे पुढारी काय. हे म्हणणं ताल्मुदलाही ठाऊक होतं, आणि मला तो भाग फार आवडला. मिश्नामध्ये, म्हणजे ताल्मुद ज्यावर उभा आहे त्या नियमांच्या संग्रहात, चक्क लिहिलंय की खुनी, लुटारू आणि जकातवाले यांच्यापुढे, हे धान्य पुरोहितांसाठी वेगळं काढलेलं आहे, अशी खोटी शपथ घेतली तरी चालते! जकातवाल्याला खुन्याच्या पंगतीला बसवलंय. जकातीच्या पेटीतून पैसे मोडूनही घेऊ नयेत, कारण ते लुटीचे, असंही आहे. रोमच्या राज्यात वसुलीचे मक्ते दिले जायचे आणि मक्तेदार लोकांना पिळून काढायचे. मग पुढचे आचार्य विचारतात, अहो, पण श्मुएल तर म्हणाले राज्याचा कायदा हाच कायदा, मग ही सूट कशी? उत्तर येतं, ही सूट फक्त अशा वसुलीदाराबद्दल, ज्याच्या मागण्याला मर्यादा नाही किंवा जो स्वतःच उठून वसुलीला उभा राहिलाय.

म्हणजे कर किती ते ठरलेलं आहे का आणि घेणाऱ्याला घ्यायचा अधिकार आहे का, एवढंच बघायचं. राजा चांगला की वाईट, पैसे नीट वापरतो की नाही, ही अट त्यांनी घातली नाही. अलिबागच्या निबंधक कार्यालयात मुद्रांक शुल्काचा दर छापलेला आहे, पावती मिळते. रस्त्यातल्या खड्ड्यांबद्दलचा तुमचा राग मला पटतो, त्यासाठी तुम्ही दर वेळी मत देताच. पण तो रेवदंड्याचा आकडा खोटा लिहायला कारण होऊ शकत नाही.

या कायद्याला आधार कसला, यावर पुढे पुष्कळ वाद झाले. कोणी म्हटलं, लोकांनी राजाला मान्य केलं म्हणून. स्पेनमधल्या राब्बी निस्सीम यांचं म्हणणं, जमीन राजाची, राहायचं तर त्याच्या अटीवर. म्हणूनच इस्रायलमध्ये, जिथे जमीन सगळ्या यहुद्यांची, तिथे हा नियम लागू होतो का, असा प्रश्न निघाला. इथल्या कर चुकवणाऱ्यांना तो फार सोयीचा. पण इस्रायलचे एके काळचे मुख्य राब्बी ओवाद्या योसेफ यांनी स्वच्छ सांगून ठेवलंय की लागू होतो, कर बुडवायला मनाई आहे. भारताबद्दल तर वाद घालायलाही जागा नाही. ज्या देशात आपली माणसं यहुदी म्हणून शतकानुशतकं निर्धास्त राहिली, त्या देशाचा वाटा आपण बुडवायचा?

रामबाम, म्हणजे थोर धर्मशास्त्री मोशे बेन मैमोन, यांनी बाराव्या शतकात इजिप्तमध्ये राहून लिहिलं, की जो असा कर चुकवतो तो राजाचा वाटा चोरतो, मग राजा इस्रायली असो की परका. पुढे ते सांगतात, हे लागू होतं कुठल्या राजाला? ज्याचं नाणं त्या मुलखात चालतं त्याला. नाणं घेतलंत म्हणजे त्याला राजा मानलंत. हे वाचलं आणि मला ते २५ लाखच दिसले, पाचशेच्या नोटांची बंडलं, पिशवीत. प्रत्येक नोटेवर "मैं धारक को" आणि खाली गव्हर्नरची सही. सरकारच्याच शब्दावर विसंबून आपण त्या नोटा घेणार आणि त्याच सरकारपासून लपवणार. बाबा, माझ्या मनाला हे काही केल्या पटत नाही.

व्यवहाराचंही सांगते, कारण तुम्ही म्हणाल मुलगी पोथी वाचायला लागली. जमीन-घराच्या व्यवहारात २० हजार किंवा त्याहून जास्त रोख घेता येत नाही. घेतली आणि सापडली, तर जेवढी घेतली तेवढाच दंड बसू शकतो. राब्बी येहुदा हानासी, ज्यांनी मिश्ना एकत्र केली, त्यांनी मुलांना चार उपदेश केले होते, त्यातला एक, "जकात चुकवू नका, सापडलात तर असेल नसेल ते सगळं घेऊन जातील." बापानं मुलांना सांगितलेलं आज मी बापाला सांगते आहे, रागावू नका.

आई, आता तुला सांगायचं ते. परवा मिश्नाचा एक तुकडा वाचला आणि मला एकदम तुमच्या माळ्यावरचं अच्छेराचं पितळी माप आठवलं. तेल विकणाऱ्यानं माप ओतून झाल्यावर लगेच उचलू नये, आणखी तीन थेंब गळू द्यावेत, असा नियम आहे. दुकानदाराला सूट, कारण त्याला घाई असते. आजी सांगायची ना, पणजोबा शनवार तेली, म्हणजे शनिवारी घाणा बंद ठेवणारे यहुदी तेली, घाण्याचं तेल मापून दिलं की माप तिरकं धरून थांबायचे, गिऱ्हाईक "पुरे, पुरे" म्हणेपर्यंत. त्यांना हिब्रू येत नव्हतं. ताल्मुद त्यांनी पाहिलाही नसेल. हे कुठून आलं त्यांच्यात? त्यांनी मापून मापून जमवलेल्या पैशांत ते घर उभं राहिलं, आणि त्याच घराचं माप आपण जवळजवळ निम्म्यावर आणायचं?

ताल्मुदमध्येच वाचलं, रावा नावाचे आचार्य म्हणतात, मेल्यावर न्यायाच्या वेळी माणसाला पहिला प्रश्न विचारतात, "देण्याघेण्यात इमानाने वागलास का?" तोरा, आपला धर्मग्रंथ, वाचायला वेळ ठेवलास का, ते नंतर.

मी आकडेमोड करून बघितली. सगळे ६० चेकने घेतले तर कर जाऊन जे कमी पडेल, ते आम्ही दोघं दर महिन्याला थोडं थोडं पाठवू. जावयांशी बोलले आहे, त्यांनीच आधी म्हटलं. हे गिऱ्हाईक त्यासाठी सोडून गेलं तर जाऊ दे. दलालाला फोन मी करते, तुम्हाला संकोच वाटत असेल तर.

दारफाळणीचा सण (योम किप्पूर) झाला की मी येते आहे. तोवर काहीही सही करू नका. आणि आई, ते माप भंगारात देऊ नकोस, फडक्यात गुंडाळून ठेव. तळाला ठोका होता तो अजून आहे का, बघून कळव.

तुमची लेक