१९६८ची एमजीबी रोडस्टर नाकारत असल्याबाबत आणि पूर्ण रक्कम परत मिळण्याबाबत

प्रति,
व्यवस्थापक, विक्री विभाग,
ऑक्सफर्डशायर, इंग्लंड

विषय: ‘संपूर्ण रिस्टोअर केलेली’ म्हणून विकलेल्या एमजीबी रोडस्टरबद्दल तक्रार

महोदय,

आपल्याकडून २१,५०० पाउंडांना घेतलेली १९६८ची एमजीबी रोडस्टर (एमजी कंपनीची बिनछपराची ब्रिटिश स्पोर्ट्स कार) मी या पत्राद्वारे नाकारत आहे. ताबा मिळून अजून ३० दिवस झालेले नाहीत. ग्राहक हक्क कायदा, २०१५ नुसार या मुदतीत सदोष किंवा वर्णनाशी न जुळणारी वस्तू दुरुस्तीला न देता परत करता येते, आणि मी तेच करत आहे. विक्रीची सगळी बोलणी आपल्या प्रतिनिधीशी मराठीतून झाली, म्हणून पत्र मराठीत. इंग्रजी प्रत सोबत आहे.

रंगाबद्दल माझी तक्रार नाही. ब्रिटिश रेसिंग ग्रीन उत्तम बसला आहे, बंपरचे क्रोम स्वच्छ आहे, सीटचे काम नीटनेटके आहे. अडचण आहे ती या सगळ्याच्या खाली, आणि सगळ्यात जास्त दोन्ही बाजूंच्या सिलमध्ये.

फोनवर आपल्या प्रतिनिधीने सिलला ‘दाराखालची पट्टी’ म्हटले, म्हणून हे सविस्तर लिहावे लागत आहे. एमजीबीला वेगळी चेसिस नसते, सगळा भार बॉडीच पेलते. रोडस्टरला छपराचाही आधार नाही. त्यामुळे पुढचा आणि मागचा भाग एकमेकांना धरून ठेवण्याचे बरेचसे काम दाराखालच्या दोन पेट्यांवर येते. बाहेरचे सिल, मधला उभा पत्रा आणि आतले सिल मिळून ती पेटी होते, आणि खालून कॅसल रेल तिला फ्लोअरशी जोडते. बाहेरचे सिल दाराच्या लांबीपुरते नसते. पुढे ते पुढच्या मडगार्डच्या मागे जाते, मागे मागच्या मडगार्डच्या खालच्या भागाच्या आत शिरते. म्हणून ते नीट बदलायचे तर पुढचे मडगार्ड बोल्ट काढून उतरवावे लागते, मागचे वेल्ड केलेले असल्यामुळे त्याचा खालचा भाग कापावा लागतो, आणि कापण्याआधी दाराच्या चौकटीत आडवे पाइप वेल्ड करून बॉडी जागच्या जागी धरावी लागते. हे केले नाही तर बॉडी मध्यभागी खचते, नवे सिल त्याच खचलेल्या स्थितीत वेल्ड होते आणि दार वरच्या मागच्या कोपऱ्यात घासू लागते.

या गाडीत नेमके तेच झाले आहे. डाव्या दाराच्या मागच्या कडेची फट खाली ८ मिलिमीटर आहे आणि वर जेमतेम २. उजवीकडे दाराची कड घासून पुट्टीने पुन्हा आकार दिला आहे, म्हणून फट डोळ्यांना सारखी दिसते. पण रंगाची जाडी मोजणारे यंत्र तिथे १,४०० मायक्रॉन दाखवते, तर बोनेटवर २०० ते २५०. सिलखालच्या जॅकिंग पॉइंटला जॅक लावून गाडी उचलली की डाव्या दाराची वरची फट ३ मिलिमीटरने उघडते. मजबूत बॉडीत ती जवळजवळ हलत नाही.

पुढच्या चाकामागचा स्प्लॅश पॅनेल (चिखल-पाणी अडवणारा पत्रा) काढल्यावर कारण उघड्यावर आले. आत दोन सिल आहेत: सडलेले जुने आणि त्यावर चढवलेला नव्या पत्र्याचा मुखवटा. नवा पत्रा मडगार्डच्या खालच्या कडेपाशी येऊन संपतो, मागे जातच नाही. मधल्या उभ्या पत्र्याचा खालचा हातभर भाग गंजून नाहीसा झाला आहे. कॅसल रेलच्या जागी लोहचुंबक धरत नाही, म्हणजे तिथे फायबर आणि पुट्टी आहे, आणि वरून काळ्या अंडरसीलचा, म्हणजे तळाला लावायच्या गंजरोधक लेपाचा, जाड थर. ताजे जाड अंडरसील दिसले की माणसाने आधी स्क्रूड्रायव्हर काढावा. आपल्या जाहिरातीत मात्र ते ‘गंजापासून संरक्षण’ या सदरात मोडत होते. पोकळीत मेणाचा फवारा कुठेच नाही, आणि मुखवट्याने पाणी निचरण्याच्या फटी बुजवल्या आहेत. दोन पत्र्यांमध्ये अडकलेले पाणी दोन हिवाळ्यांत नवा पत्राही खाईल.

आता आपण सिल दुरुस्त करून द्यायची तयारी दाखवाल. मी ती स्वीकारत नाही. सिल नीट करायचे म्हणजे चारही मडगार्डना हात लावणे, दारे पुन्हा बसवणे आणि निम्मी गाडी पुन्हा रंगवणे. ज्याचे पैसे मी दिले तेच काम पहिल्यापासून पुन्हा होणार, आणि बॉडी आधीच खचलेली असल्याने या वेळी जास्त कठीण. ब्रिटिश मोटर हेरिटेज १९८८पासून मूळ साच्यांवर नव्या एमजीबी बॉडी बनवते. या गाडीच्या अवस्थेत प्रामाणिक रिस्टोरेशन म्हणजे बहुधा तशी बॉडीच आणणे.

दुसरी बाब सुरक्षिततेची आहे. तिच्यामुळे गाडी रस्त्यावर नेणे मी थांबवले आहे. तारेच्या स्पोकच्या चाकांचा मधला कानवाला नट डाव्या बाजूला उजव्या आट्यांचा (घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने आवळणारा) आणि उजव्या बाजूला डाव्या आट्यांचा असतो. गाडी पुढे जाताना नट आपोआप आवळत राहावा म्हणून ही योजना आहे. या गाडीत पुढची दोन्ही हब (चाक ज्यावर चढते ते मधले भाग) अदलाबदल करून बसवली आहेत. डाव्या नटावर ‘उजवी बाजू’ कोरलेले आहे आणि तो घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरवला की सुटतो, म्हणजे चालत्या गाडीत तो सैल होत जाणार. ज्याने हब बसवली त्याने नटावरचा बाणसुद्धा वाचला नाही. शिवाय मागचे उजवे चाक उचलून, ब्रेक दाबून ठेवून हलवले की ‘टक’ असा आवाज येतो. तिथल्या स्प्लाइन, म्हणजे चाकाला हबवर घट्ट धरणारे दाते, झिजल्या आहेत. नवे चाक झिजलेल्या हबवर चढवले तर तेही खराब होईल, त्यामुळे हब आणि चाक दोन्ही बदलावी लागतील. जाहिरातीतल्या ‘नव्या टायर’वर १२११ हा आकडा आहे, म्हणजे ते २०११च्या १२व्या आठवड्यातले आहेत.

‘मॅचिंग नंबर्स’, म्हणजे गाडीत तिचे मूळ इंजिनच आहे, हा दावा आपल्याच कागदांनी खोडला आहे. फाइलमध्ये गेडनच्या ब्रिटिश मोटर म्युझियमच्या हेरिटेज सर्टिफिकेटची झेरॉक्स आहे. त्यात इंजिन क्रमांकाची सुरुवात १८जीडी अशी आहे, तर ब्लॉकवरच्या पट्टीवर १८व्ही. म्हणजे इंजिन १९७०च्या दशकातले. चेसिस क्रमांक जीएचएन४ असा बरोबर आहे. १८व्ही हेही पाच मेन बेअरिंगचे १,७९८ सीसीचे चांगले इंजिन आहे, आणि तसे सांगून त्या हिशेबाने किंमत लावली असती तर माझी हरकत नसती.

त्याच इंजिनावरच्या ‘अनलेडेड हेड’बद्दलही (बिनशिशाच्या पेट्रोलसाठी तयार केलेल्या सिलिंडर हेडबद्दलही) शंका आहे. ब्रिटनमध्ये २०००पासून शिसेयुक्त पेट्रोलची सर्वसाधारण विक्री बंद आहे, म्हणून या हेडमध्ये एक्झॉस्ट व्हॉल्व्ह जिथे टेकतात तिथे कठीण धातूच्या कड्या (सीट) बसवून घेतात. आपल्या सर्व्हिस शीटवर आठही टॅपेटचे (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या भागांचे) अंतर थंड इंजिनावर ०.०१५ इंच लिहिले आहे. आता चारही इनलेटचे तेवढेच आहे, पण एक्झॉस्टपैकी ४ क्रमांकाचे ०.००८ आणि ५ क्रमांकाचे ०.००९ झाले आहे. इनलेट स्थिर आणि एक्झॉस्टच बंद होत जाणे हे व्हॉल्व्ह मऊ बिडाच्या सीटमध्ये रुतत असल्याचे लक्षण आहे. सीट बसवल्या असतील तर मशीन शॉपचे बिल पाठवा. फाइलमध्ये ते नाही.

ओव्हरड्राइव्हचे, म्हणजे वेगात इंजिनाचे फेरे कमी करणाऱ्या जादा गिअरचे, तर यंत्रच नाही. डॅशबोर्डवर स्विच आहे, पण त्याची वायर मागे टेपने गुंडाळून सोडली आहे. गाडी रॅम्पवर घेतली की गिअरबॉक्सच्या शेपटाला ना सोलेनॉइड, ना लेकॉक कंपनीचे ओव्हरड्राइव्ह युनिट. ताशी ६० मैलांना टॅकोमीटर मिनिटाला ३,३५० फेऱ्यांच्या आसपास राहतो. ओव्हरड्राइव्ह लागल्यावर तो २,७५०पर्यंत उतरायला हवा.

किरकोळ बाबी थोडक्यात. सीटमागच्या दोन बॅटरी पेट्यांपैकी एकीचा तळ गेला आहे आणि त्यावर ॲल्युमिनियमची चकती रिव्हेट करून कार्पेट पसरला आहे. इंधनाच्या रबरी नळ्या जुन्या असून त्यांना भेगा आहेत. किंगपिनच्या (पुढचे चाक ज्यावर वळते त्या खिळीच्या) ग्रीस निपलवर रंग चढला आहे, म्हणजे रंगानंतर तिथे ग्रीसगन लागलेलीच नाही.

ही गाडी ४० वर्षांहून जुनी असल्याने तिला एमओटीची (ब्रिटनमधल्या वार्षिक वाहन तपासणीची) सक्ती नाही, हे आपण दोनदा सांगितले. सक्ती नसणे आणि गाडी रस्त्यावर चालवण्यायोग्य असणे या वेगळ्या गोष्टी आहेत. चालवण्यास अयोग्य वाहन विकणे हा रोड ट्रॅफिक ॲक्ट, १९८८च्या कलम ७५ खाली गुन्हा आहे. पावतीवरचा ‘जशी आहे तशी विकली’ हा शिक्का व्यापाऱ्याकडून खरेदी करणाऱ्या ग्राहकाचे कायदेशीर हक्क काढून घेऊ शकत नाही.

माझी मागणी अशी: २१,५०० पाउंड ज्या मार्गाने दिले त्याच मार्गाने परत करावेत आणि गाडी आपल्या खर्चाने ट्रेलरवर घालून न्यावी. हबच्या दोषामुळे ती चालवत नेऊ देणार नाही. परताव्याचा हक्क मान्य केल्यापासून जास्तीत जास्त १४ दिवसांत रक्कम द्यावी लागते. या पत्राचे लेखी उत्तर ७ दिवसांत अपेक्षित आहे. ठेवीचे ५०० पाउंड मी क्रेडिट कार्डाने भरले होते. त्यामुळे कन्झ्युमर क्रेडिट ॲक्ट, १९७४च्या कलम ७५ नुसार कार्ड कंपनीही पूर्ण किमतीला जबाबदार ठरते. दोन्ही कायद्यांत कलम ७५च आहे, गल्लत करू नये. उत्तर आले नाही तर कार्ड कंपनीकडे दावा आणि ट्रेडिंग स्टँडर्ड्स या ग्राहक-संरक्षण विभागाकडे तक्रार दाखल करीन.

स्वतंत्र तपासनिसाचा अहवाल, रंगाच्या जाडीच्या नोंदी, सिलच्या आतले फोटो आणि आपल्या जाहिरातीची छापील प्रत सोबत जोडली आहे. गाडी आच्छादित जागेत उभी आहे. किल्ल्या आणि कागदपत्रे ट्रेलर येईल त्या दिवशी सुपूर्द केली जातील.

आपला विश्वासू,
खरेदीदार