सुई लावल्याने गाठ चिघळत नाही

संपादक महोदय,

‘गाठीला सुई लावू नका, चिघळेल’ हा सल्ला डॉक्टर सोडून सगळेच देतात. एफएनएसी म्हणजे बारीक सुईने गाठीतल्या पेशी काढून पाहण्याची तपासणी; तिची सुई रक्त काढायच्या सुईइतकी, बऱ्याचदा त्याहून बारीक, म्हणजे २२ ते २५ गेजची असते (गेज हे सुईच्या जाडीचे माप; आकडा मोठा तितकी सुई बारीक). बहुतेकदा भूलही लागत नाही. सुई गाठीत चार-सहा वेळा मागेपुढे केली की तिच्या पोकळीत पेशी येतात. तो थेंब काचपट्टीवर पसरायचा, रंगवायचा नि सूक्ष्मदर्शकाखाली पाहायचा. सुईच्या वाटेने कर्करोग पसरणे अतिशय दुर्मीळ आहे. भीतीपोटी महिनोन्महिने थांबणेच जास्त महागात पडते.

मात्र भलत्या अपेक्षाही नकोत. इथे सुट्या पेशी दिसतात, गाठीची बांधणी नाही. थायरॉइडच्या ‘फॉलिक्युलर’ प्रकारच्या गाठीत पेशींनी गाठीचे आवरण भेदले आहे का, म्हणजे ती कर्करोगाची आहे का, हे सुई सांगूच शकत नाही; त्यासाठी गाठ काढून तपासावी लागते. आणि अहवालात ‘नमुना अपुरा’ लिहिले म्हणजे ‘कॅन्सर नाही’ असे नव्हे! तो कागद फाइलला लावून निर्धास्त झालेले रुग्ण मी पाहिले आहेत. अशा वेळी बहुधा सुई पुन्हा टोचून घ्यावी लागते, एवढेच.

– एक पॅथॉलॉजिस्ट