मोनेमवासियाहून पत्र

मोनेमवासिया, ग्रीस
१८ मे

प्रिय अव्या,

सप्रेम नमस्कार.

मी पाठवलेल्या फोटोंवर तुझा एकच प्रश्न आला, ‘नुसता कातळ दिसतोय, तटबंदी कुठाय?’ याचं उत्तर मेसेजमध्ये मावण्यासारखं नव्हतं, म्हणून निवांत बसून लिहितोय.

नुसता कातळच दिसावा, इथल्या लोकांना तेच हवं होतं. पेलोपोनीज या दक्षिण ग्रीसमधल्या द्वीपकल्पाच्या आग्नेय किनाऱ्याला लागून हा प्रचंड कातळ समुद्रात उभा आहे. इ. स. ३७५च्या भूकंपात तो जमिनीपासून तुटला, असं सांगतात. सहाव्या शतकात स्लाव टोळ्यांच्या धाडी सुरू झाल्या तेव्हा लाकोनिया या इथल्याच प्रांतातली माणसं जीव वाचवायला इथे आली आणि त्यांनी घरं बांधली ती कातळाच्या समुद्राकडच्या अंगाला. किनाऱ्यावरून बघणाऱ्याला गावाचा मागमूसही लागत नाही. आजही पूल ओलांडून चालायला लागलं की उजवीकडे समुद्र, डावीकडे सरळसोट कडा आणि घर म्हणून एकही नाही. वाटेत स्मशानभूमी लागते. तिथे यान्निस रित्सोस या कवीची कबर आहे. १९०९ साली याच गावात जन्मला, आयुष्याची कित्येक वर्षं तुरुंगात आणि बेटांवरच्या हद्दपारीत काढली, आणि १९९० साली त्याला इथेच आणून पुरलं. तिथे जरा वेळ थांबलो. पुढे एकाएकी तट आडवा येतो आणि त्यात दरवाजा. गाड्या इथवरच. आत वाट वळते, क्षणभर अंधार होतो आणि आपण थेट बाजारगल्लीत बाहेर पडतो. गल्ली इतकी अरुंद की सामानाची हातगाडी आली तर भिंतीला चिकटून उभं राहावं लागतं.

तू असतास तर लगेच बुरूज मोजायला धावला असतास. मी पाण्याच्या मागे लागलो. सिंधुदुर्गात भर समुद्रात दूधबाव, दहीबाव, साखरबाव लागल्या, महाराजांना गोडं पाणी मिळालं. या कातळावर तसलं काही नाही. जे आहे ते आभाळातलं. म्हणून प्रत्येक घराचं छप्पर म्हणजे पाणी गोळा करायची सोय. उतारावरून पन्हळीत, पन्हळीतून भिंतीतल्या नळात आणि तिथून घराखालच्या टाक्यात. आम्ही उतरलोय त्या घराच्या मालकीणबाईंनी जमिनीतली लाकडी झडप उचलून टाकं दाखवलं. टॉर्च मारला तर आत कमानीचं छत आणि चारी भिंतींना फिकट गुलाबी गिलावा. चुन्यात विटांची पूड कालवून करतात, त्याला कुरासानी म्हणतात; त्यातून पाणी झिरपत नाही. हात लावून पाहिला, काचेसारखा गुळगुळीत. कुणीतरी हे किती निगुतीनं घोटलं असेल!

आणि या टाक्यांवरच इथला सगळा इतिहास टिकून राहिला, अव्या. फ्रँक, म्हणजे पश्चिम युरोपातून आलेल्या लोकांचा सरदार गियोम द विलारदुआँ याने तीन वर्षं वेढा दिला. तट चढून नव्हे, रसद तोडून. गावकऱ्यांनी शेवटी मांजरं-उंदीर खाल्ले, असं जुनी बखर सांगते. मग १२४८ साली मामोनास, दाइमोनोयान्निस आणि सोफियानोस या तीन घराण्यांच्या प्रमुखांनी किल्ल्या त्याच्या हाती दिल्या. पण देतानाही सौदा केला. आम्ही फक्त जहाजांवर चाकरी करू आणि तीही पगार घेऊन! उपाशीपोटी इतकी ताठ मान. मला हा प्रसंग कुठल्याही लढाईपेक्षा मोठा वाटतो.

पुढचं ऐक. तोच विलारदुआँ १२५९ला पेलागोनियाच्या लढाईत पकडला गेला आणि सुटकेसाठी त्याने १२६२ साली हा किल्ला बायझंटाइन, म्हणजे पूर्व रोमन सम्राटाला देऊन टाकला. १४६०मध्ये तुर्क चालून आले तर गाव स्वतःहून पोपच्या आश्रयाला गेलं, १४६४ला व्हेनिसकडे. १५४०ला व्हेनिसने तहात तुर्कांना दिलं. १६९०मध्ये वेढा घालून परत घेतलं आणि १७१५ला न लढताच सोडलं. १८२१च्या स्वातंत्र्ययुद्धात चार महिन्यांच्या वेढ्यानंतर पुन्हा भुकेनेच दार उघडलं, आणि ग्रीकांच्या हाती आलेला हा पहिला मोठा किल्ला ठरला. म्हणजे बघ, निर्णय दर वेळी एक तर कोठारात झाला किंवा कागदावर. किल्ला बघताना आपण तटाची उंची विचारतो. आधी धान्य आणि पाणी किती दिवसांचं होतं ते विचारायला हवं, असं मला आता पक्कं वाटतं.

बालेकिल्ल्यावर दोनदा गेलो. नागमोडी चढण, दगड पावलांनी घासून गुळगुळीत झालेले, चांगले बूट हवेतच. वरच्या दरवाजाला लोखंडी पट्ट्या मारलेली लाकडी दारं अजून आहेत. एके काळी वरही मोठी वस्ती होती. आता गवत, काटेरी झुडपं आणि पडक्या भिंती. जपून चाल, गवतात टाक्यांची तोंडं उघडी आहेत. ऐन कड्याच्या काठावर बाराव्या शतकातलं आया सोफियाचं चर्च मात्र शाबूत. अष्टकोनावर तोललेला घुमट, आत गारवा आणि भित्तिचित्रांचे पुसट तुकडे. मागच्या बाजूला गेलं की पायांखाली थेट समुद्र.

संध्याकाळी समुद्राकडच्या तटातल्या पोर्तेलो नावाच्या छोट्या दिंडीतून गावातली पोरं पोहायला उतरतात. मीही उतरलो. पाणी थंडगार, पण स्वच्छ! नंतर चौकात तोफेशेजारच्या कट्ट्यावर बसून अमिग्दलोता खाल्ले. बदामाची मिठाई, वर पिठीसाखर. काकूंना नक्की आवडतील, एक डबा घेतलाय. इथूनच जगभर गेलेली माल्वाझिया वाइनही चाखली, भलतीच गोड आहे. तुझ्यासाठी एक बाटली आणतोय.

आता कामाचं. पुढच्या ऑक्टोबरात तू यायचंस. मे महिन्यातच दुपारी कातळ तापतो, जुलै-ऑगस्टचं नावच नको. अथेन्सहून स्पार्टामार्गे बसने यायचं, अख्खा दिवस जातो. मुक्काम तटाच्या आतच करायचा. दिवसाचे पर्यटक परतले की गल्ल्या आपल्याच. मीस्त्रा हे स्पार्टाजवळचं बायझंटाइन काळातलं पडकं शहरही वाटेवर आहे, तेही करू. रजेचं काय ते साहेबांशी लवकर बोल आणि मला कळव, म्हणजे खोली धरून ठेवायला सांगतो.

काका-काकूंना नमस्कार, चिंगीला गोड पापा.

तुझा,
मंदार