विज्ञान मासिकाची ओढ कशामुळे वाटते?

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

विज्ञानातील घडामोडींच्या बातम्या आता त्याच दिवशी आपल्या हाती पडतात. अशा वेळी सामान्य वाचकाने महिन्यातून एकदा येणारे विज्ञान-तंत्रज्ञानाचे मासिक कशासाठी वाचावे, असा प्रश्न मला अनेकदा विचारला जातो. अशी मासिके अनेक वर्षे नियमाने वाचत आलेला वाचक म्हणून त्याचे उत्तर या पत्राद्वारे मांडू इच्छितो. बातमी आपल्याला शोध सांगते. चांगले मासिक तो शोध खरा असल्याचे कशावरून ठरले ते सांगते, आणि हे सारे वाचकाला समजेल, किंबहुना त्यातले काही तो स्वतः पडताळूनही पाहील, असा विश्वास त्याच्यावर टाकते.

गुरुत्वीय लहरींचे, म्हणजे प्रचंड वस्तूंच्या हालचालींमुळे अवकाशातच उठणाऱ्या तरंगांचे, उदाहरण घेतो. अमेरिकेतील ‘लायगो’ प्रकल्पाच्या, एकमेकींपासून सुमारे ३,००० किलोमीटर दूर असलेल्या दोन वेधशाळांनी १४ सप्टेंबर २०१५ रोजी एक संकेत टिपला, पण त्याची घोषणा झाली ती ११ फेब्रुवारी २०१६ रोजी. बातम्यांमध्ये साहजिकच दोन कृष्णविवरांची टक्कर, सुमारे १३० कोटी प्रकाशवर्षांचे अंतर आणि आइन्स्टाइन यांचे शंभर वर्षांपूर्वीचे भाकीत यांना जागा मिळाली. मला मात्र कुतूहल होते ते मधल्या पाच महिन्यांचे. वेधशाळेच्या चार किलोमीटर लांबीच्या भुजेत, म्हणजे टोकांच्या आरशांमध्ये लेझर किरण धावणाऱ्या नळीत, प्रोटॉनच्या व्यासाच्या हजाराव्या भागाहूनही सूक्ष्म बदल मोजायचा असेल, तर दूरवरचा भूकंप, किनाऱ्यावर आदळणाऱ्या लाटा, रस्त्यावरून जाणारा ट्रक आणि उष्णतेमुळे आरशांतच होणारी थरथर यांच्या गलबल्यातून तो वेगळा कसा काढायचा? तोच संकेत दोन्ही ठिकाणी सुमारे ७ सहस्रांश सेकंदाच्या अंतराने आला, याला इतके महत्त्व का? प्रकाशाच्या वेगाने जाणाऱ्या लहरीला एका वेधशाळेपासून दुसरीपर्यंत पोहोचायला जास्तीत जास्त १० सहस्रांश सेकंद लागतात, आणि मिळालेला फरक त्या मर्यादेत बसत होता, हे कळल्यावर त्या शोधावरचा विश्वास दुसऱ्याच्या शब्दावर अवलंबून राहत नाही.

याच प्रकल्पाने २०१० साली स्वतःचीच एक परीक्षा घेतली होती. मोजक्या सदस्यांनी बाकीच्यांना न कळवता यंत्रणेत एक कृत्रिम संकेत सोडला. असे कधीही घडू शकते हे सर्वांना ठाऊक होते, पण हा संकेत खरा की खोटा हे माहीत नसतानाच त्यांनी महिनोन्‌महिने विश्लेषण केले, शोधनिबंधाचा मसुदाही तयार केला, आणि त्यानंतर मार्च २०११ मध्ये खरा प्रकार उघड करण्यात आला. विज्ञान कसे चालते हे एवढ्या स्पष्टपणे दाखवणारी हकिगत मला क्वचितच वाचायला मिळाली आहे. दिवसाच्या बातमीत ती मावणार नाही, हे मी समजू शकतो. आठ-दहा पानांच्या लेखात, आरशांच्या टांगणीची आकृती शेजारी देऊन, ती सावकाश सांगता येते.

मासिकाच्या या सावकाश चालीचा आणखी एक लाभ आहे. सप्टेंबर २०११ मध्ये युरोपातील एका प्रयोगात, सुमारे ७३० किलोमीटरचा प्रवास करणारे न्यूट्रिनो नावाचे अतिसूक्ष्म कण प्रकाशापेक्षा सुमारे ६० अब्जांश सेकंद आधी पोहोचल्याचे दिसले; प्रकाशाहून वेगवान काहीच नसते, असे मानले जात असल्याने जगभर त्याचे मथळे झाले. पुढच्या वर्षी उलगडा झाला, की वेळमापन यंत्रणेतील प्रकाशतंतूची एक जोडणी नीट बसलेली नव्हती. पहिली बातमी वाचणाऱ्यांपैकी किती जणांपर्यंत ही दुसरी पोहोचली असेल, याची मला शंका आहे. मासिकाचा नियमित वाचक मात्र या दोन्हींच्या मधली वाटही पाहतो. आपल्या निष्कर्षात चूक असेल तर ती शोधून द्या, असे आवाहन प्रयोगकर्त्यांनीच इतरांना केले होते, हे त्याला कळते. चूक झाल्याने विज्ञानाची प्रतिष्ठा कमी होते असे मानणाऱ्यांनी तो सारा क्रम आवर्जून वाचावा.

माझ्या मते अशा मासिकाचे सर्वांत मोठे सामर्थ्य याही पुढचे आहे. ‘सायंटिफिक अमेरिकन’ या अमेरिकी विज्ञान मासिकात मार्टिन गार्डनर हे गणितावरचे सदर पाव शतक लिहीत होते. त्यांचे महाविद्यालयीन शिक्षण तत्त्वज्ञानाचे होते, आणि स्वतःला समजेपर्यंत विषय सोडायचा नाही या त्यांच्या वृत्तीचा फायदा वाचकांना झाला, असे मला वाटते. जुलै १९७५ च्या सदरात त्यांनी एक प्रश्न मांडला: एकाच आकाराच्या बहिर्वक्र (कुठलाही कोपरा आत न वळलेल्या) पंचकोनी फरशांनी, कुठेही फट न ठेवता, अमर्याद सपाट जमीन भरता येईल असे पंचकोन किती प्रकारचे आहेत? १९६८ साली प्रसिद्ध झालेली आठ प्रकारांची यादी पूर्ण आहे, असा त्या वेळचा समज होता. एका वाचकाने नववा प्रकार शोधून पाठवला, आणि गार्डनर यांनी त्याच वर्षी डिसेंबरमध्ये तो छापला. ते वाचून मार्जोरी राइस नावाच्या गृहिणी कामाला लागल्या. गणिताचे त्यांचे शिक्षण शालेय पातळीपर्यंतचे, आणि मासिक घरी येत होते ते मुलासाठी. प्रचलित परिभाषा येत नसल्याने त्यांनी पंचकोनाच्या बाजू आणि कोन यांचे संबंध नोंदवण्यासाठी स्वतःची चिन्हपद्धती तयार केली, स्वयंपाकघरातल्या ओट्यावर आकृत्या काढल्या, आणि १९७७ अखेरपर्यंत चार नवे प्रकार शोधून काढले. एका गणितज्ञ प्राध्यापिकेने ते तपासून बरोबर ठरवले. असे एकूण पंधराच प्रकार आहेत, ही सिद्धता संगणकाच्या साहाय्याने मांडली गेली ती २०१७ साली. पंधरांपैकी चार एका वाचकाचे आहेत! हे शक्य झाले, कारण त्या सदराने प्रश्न पातळ न करता, काय माहीत आहे आणि ते कोणी दाखवले आहे यासह, वाचकासमोर पूर्ण ठेवला होता. ‘सामान्य वाचकाला एवढे कळणार नाही’ असे कोणी संपादक म्हणाला, की मला मार्जोरी राइस आठवतात.

प्रत्येक वाचक नवा शोध लावणार नाही, आणि तशी अपेक्षाही नाही. शाळकरी वयात अशाच एका मासिकात वाचून मी पुठ्ठ्याला टाचणीने छिद्र पाडले होते आणि त्यातून येणारी सूर्याची प्रतिमा २ मीटरवरच्या कागदावर घेतली होती (सूर्याकडे थेट पाहायचे नाही, ही सूचना ठळक छापलेली होती). प्रतिमेचा व्यास १९ मिलिमीटर भरला. सूर्याचे अंतर १५ कोटी किलोमीटर धरून त्रैराशिक मांडले, तेव्हा सूर्याचा व्यास १४ लाख २५ हजार किलोमीटर आला. प्रत्यक्षात तो सुमारे १३ लाख ९० हजार आहे. ज्ञात संख्येच्या इतके जवळ मी पुठ्ठा आणि पट्टी घेऊन पोहोचलो, याचा आनंद आजही ओसरलेला नाही.

या पार्श्वभूमीवर काही विज्ञान मासिकांचे बदलते रूप पाहून वाईट वाटते. पानभर छायाचित्रे, नव्या उपकरणांची कंपनीच्या पत्रकासारखी ओळख आणि ‘लवकरच’ येणाऱ्या तंत्रज्ञानाची आश्वासने यांत आकृती आणि कार्यकारणभाव आक्रसत चालले आहेत. यंत्राची किंमत आणि वेग कुठेही मिळतो. ते चालते कसे, हे सांगणारा लेख दुर्मीळ होतो आहे.

आपल्या वृत्तपत्राला माझी एक विनंती आहे. विज्ञानाच्या पानावर नव्या शोधांच्या दोन बातम्या कमी दिल्या तरी चालतील, पण महिन्यातून एकदा वर्षभरापूर्वी छापलेल्या एखाद्या मोठ्या बातमीकडे परत जावे आणि तिचे पुढे काय झाले, ती टिकली की नाही आणि कशामुळे, हे लिहावे. त्याच पानावर वाचकाला घरच्या साहित्याने मोजता येईल अशी एखादी गोष्ट द्यावी आणि वाचकांनी पाठवलेली मापे, चुकलेलीसुद्धा, पुढच्या महिन्यात छापावीत. पहिले माप मी पाठवीन.

कळावे,
आपला एक नियमित वाचक