आमच्या माळ्याचे पातेले

गिरगाव, मुंबई
आषाढ वद्य दशमी

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र मंगळवारी मिळाले. डॉक्टरांनी मधुमेह सांगितल्यावर तू धान्य, कडधान्य आणि भाज्यांचा साधा आहार सुरू केलास, सहा आठवडे निग्रहाने चालवलास आणि मग हळूहळू सारे पूर्वपदावर आले, हे वाचून वाईट वाटले. पण त्याबद्दल तू स्वतःला मनाचा कच्चा म्हटले आहेस, ते मला मुळीच पटले नाही. मीही दोनदा याच वाटेने गेलो आणि दोनदा परत आलो. तुझ्या वहिनीला रोज दोन स्वयंपाक करावे लागत, एक घराचा आणि एक माझा, आणि माझे ताट घरातच परके झाल्यासारखे दिसे. तिसऱ्यांदा जे टिकले ते माझा निग्रह वाढला म्हणून नव्हे. माझ्या ताटाला शेजार मिळाला म्हणून ते टिकले, आणि तोच सगळा प्रकार तू विचारला आहेस म्हणून सविस्तर लिहितो.

२०२२ सालच्या ऋषिपंचमीला आमच्या माळ्यावरच्या, म्हणजे आमच्याच मजल्यावरच्या, आजींनी नेहमीप्रमाणे ऋषीची भाजी केली. तुला ती लहानपणापासून ठाऊक आहेच: अळू, लाल भोपळा, सुरण, पडवळ, शिराळे, भेंडी, मक्याची कणसे, थोडी चिंच, ना तेलाची फोडणी, ना मसाला, आणि बैलाच्या कष्टाचे काहीही त्यात चालत नाही. गणपतीसाठी माळ्यावर सगळीच घरे भरलेली होती, त्यामुळे आजींनी मोठे पातेले चढवले आणि दारोदार वाट्या पोचल्या. मी ती खाता खाता थबकलो. जे अन्न मी सहा महिने एकट्याने, शिक्षा भोगावी तसे खात होतो, तेच अन्न सारा माळा आवडीने, मागून मागून खात होता, आणि तेल नाही म्हणून एकाही मुलाने तोंड वाकडे केले नव्हते. हे वर्षातून एकदाच का, असे मी आजींना विचारले. त्या म्हणाल्या, "चिरायला माणसे आण, मी रोज करीन."

त्या उत्तरातच सगळे आले होते, हे मला पुढे कळले. अख्खे धान्य, कडधान्य, पालेभाजी यांना पैसा फार लागत नाही, पण हात लागतात. वालाचे बिरडेच घे. वाल रात्रभर भिजवायचे, फडक्यात बांधून मोड आणायचे, मग कोमट पाण्यात टाकून एकेक दाणा सोलायचा. दोघेही नोकरी करणाऱ्या, विरारच्या गाडीतून रात्री आठला उतरणाऱ्या जोडप्याने हे कधी करावे? त्यांच्या दृष्टीने पाव आणि नूडल्स हा आळस नसून नाइलाज असतो. पण शनिवारी दुपारी सज्जात सात-आठ जण परात मध्ये घेऊन बसले की दोन किलो वाल गप्पांच्या ओघात सोलून होतात आणि प्रत्येक घराला वाटा मिळतो. अळूच्या देठांचे आणि मेथी निवडण्याचेही तसेच. पूर्वी हे काम एकत्र कुटुंबात होत असे. आता ते आम्ही शेजारात करतो, एवढाच फरक आहे.

मुंबईला हे नवीनही नाही. १९७५ मध्ये प्रेमा पुरव यांनी गिरणगावात खाणावळी चालवणाऱ्या बायकांना एकत्र आणून अन्नपूर्णा महिला मंडळ उभे केले, तेव्हा एकेकटीने चूल सांभाळणाऱ्या त्या बायकांना एकमेकींचा आधार मिळाला. आमचा व्याप त्यापुढे अगदी लहान आहे, पण धीर मला तिथूनच मिळाला.

आता आमची रीत सांगतो. महिन्याच्या पहिल्या रविवारी गच्चीवर पंगत असते. प्रत्येक घराने एक पदार्थ आणायचा. तो धान्य, कडधान्य, भाजी, फळ, दाणे यांतूनच केलेला असावा, त्यात तेल-तूप, दूध, मैदा आणि साखर नसावी. स्निग्धता हवी तर दाण्याचे कूट, तीळ किंवा ओले खोबरे घालावे. कांदा लोखंडी कढईत पाण्याच्या शिंतोड्यांवर परतला तरी छान लालसर होतो, हे माझा स्वतःचाच विश्वास नसताना तुझ्या वहिनीने मला करून दाखवले. ज्वारी, नाचणी आणि बिनपॉलिशचा तांदूळ आम्ही गोणीने आणून वाटून घेतो. तांदूळ पांढराशुभ्र करताना कोंडा जातो आणि त्याबरोबर तंतू आणि ब जीवनसत्त्वेही जातात, म्हणून त्याच्या रंगाची आता कोणी तक्रार करत नाही. पावसाळ्यात पालघरकडच्या आदिवासी बाया लोकलने रानभाज्या आणतात. पहिल्या पावसात शेवळे, मग टाकळा, फोडशी, कुर्डू. त्या कशा निवडायच्या हे आम्ही त्यांच्याकडूनच शिकलो, आणि शेवळ्यांची खाज जावी म्हणून त्यांत काकडे, म्हणजे काकडाच्या झाडाची आंबट फळे, घालतात हेही.

एक गोष्ट मात्र फार जपून ऐक. 'शाकाहार' हा शब्द आम्ही गच्चीवर उच्चारत नाही. या शहरात कोण काय खातो यावरून भाड्याचे घर नाकारले जाते, त्यामुळे तो शब्द ऐकला की निम्मी माणसे अपमानाच्या आठवणीने मागे सरतात. शिवाय त्याने नेमके काही सांगताही येत नाही. साबुदाणा वडा, फरसाण, जिलेबी हे सारे शाकाहारीच आहे, आणि एकादशी दुप्पट खाशी ही म्हण आपण उगाच केलेली नाही. ही चूक मीच करून बसलो आहे. मूळच्या अलिबागच्या एका काकूंना मी उत्साहाच्या भरात, चारचौघांत, सुकट सोडण्याचा उपदेश केला. त्या काही बोलल्या नाहीत, पण तीन महिने पंगतीला आल्या नाहीत, आणि त्यांच्यामागे आणखी दोन घरे आली नाहीत. शेवटी मी घरी जाऊन त्यांची माफी मागितली. पुढच्या रविवारी त्या वालाचे बिरडे आणि नारळाच्या दुधाची सोलकढी घेऊन आल्या, आणि आज आमच्या गच्चीवर त्यांच्याइतके चांगले कोणाचेच होत नाही. त्यांच्या घरी शुक्रवारी काय शिजते हा त्यांचा प्रश्न आहे. आम्ही फक्त आमचे पातेले चांगले ठेवतो.

आकडे तुला आवडतात म्हणून दोनच सांगतो. जागतिक आरोग्य संघटना बटाट्यासारखी कंदमुळे सोडून रोज किमान ४०० ग्रॅम भाज्या आणि फळे खायला सांगते. आम्ही एकदा घरोघरी वजन करून पाहिले तेव्हा बहुतेकांचे निम्मेही भरले नाही. आणि राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ मध्ये आहाराची जी मार्गदर्शक तत्त्वे काढली, त्यांत भारतातल्या एकूण रोगभारापैकी ५६.४ टक्के भार अयोग्य आहाराशी जोडलेला आहे. तो आकडा वाचल्यावर मी सज्जातली बिऱ्हाडे मोजली होती.

तुझ्या प्रकृतीबद्दलही स्पष्ट लिहितो. तू मधुमेहाच्या गोळ्या घेतोस. आहार असा बदलला की रक्तातली साखर खाली येऊ शकते आणि गोळीची मात्रा तीच राहिली तर ती धोक्याइतकी खाली जाऊ शकते. म्हणून सुरुवात करण्याआधी डॉक्टरांना सांग आणि मात्रा त्यांनाच ठरवू दे. दूधही सोडलेस तर ब-१२ बाहेरून घ्यावेच लागेल, कारण वनस्पतीत ते भरवशाने मिळत नाही. मोडाच्या कडधान्याने ते भरून निघते असे कोणी सांगितले तर ऐकू नकोस. जेवणाबरोबर चहा घेऊ नकोस, त्याने लोह कमी शोषले जाते. उलट उसळीवर लिंबू पिळ. कडधान्ये एकदम वाढवलीस तर पोट फुगेल, तेव्हा पहिले दोन आठवडे अर्धी वाटीच घे आणि भिजवलेले पाणी फेकून दे. आणि तुझ्या शेजारी कोणाला मूत्रपिंडाचा विकार असेल तर त्यांना डॉक्टरांना विचारल्याशिवाय पंगतीत ओढू नकोस, कारण पालेभाज्यांतले पोटॅशियम त्यांना सोसेलच असे नाही.

नाशिकला तू सुरुवात कोणापासून करावीस, असे विचारले आहेस. तुझ्या गल्लीत ज्यांना सगळ्यात चांगला स्वयंपाक येतो त्यांच्यापासून कर; ज्यांची प्रकृती सगळ्यात वाईट आहे ते आपोआप येतील. पहिल्या दिवशी आहारावर बोलू नकोस. पाच किलो मटार मध्ये ओत आणि सोलायला बोलाव.

पण त्याआधी यंदाच्या ऋषिपंचमीला वहिनींना घेऊन इकडे ये. आजी आता ऐंशीच्या पुढे गेल्या आहेत, चिरायला त्यांना बसवत नाही, पण चिंच किती घालायची ते खुर्चीवरून त्याच सांगतात. भाजीला परसातले, न नांगरलेल्या जमिनीतले काहीतरी लागते, आणि आमच्याकडे जमीन म्हणजे गच्चीवरच्या सहा कुंड्या. तेव्हा तुझ्या विहिरीकाठचे अळू आणि मांडवावरचा एक लाल भोपळा आण. पातेले वीस लिटरचे आहे, त्यामुळे भोपळा मोठाच निवड.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझाच,
गिरगावचा मित्र