शेजारचा रोमेओ

व्हेरोना, इटली

तीर्थरूप बाबांस,
साष्टांग नमस्कार विनंती विशेष.

शेजाऱ्यांनी बाळाचे नाव रोमेओ ठेवल्याचे फोनवर सांगितले, तेव्हा ‘चांगल्या घरच्या मुलाला हे असले नाव?’ म्हणून तुम्ही हसलात. तुमचेही चुकले नाही. मुलींच्या कॉलेजबाहेर घुटमळणाऱ्या टवाळांना आपली वर्तमानपत्रे इतकी वर्षे ‘रोडरोमिओ’ म्हणत आली आहेत की, या नावात दुसरे काही असेल असे माझ्याही मनात कधी आले नव्हते. परंतु एकही वारी न चुकवणाऱ्या माणसाला त्याचा मूळ अर्थ कळवल्यावाचून मला राहवेना.

जुन्या इटालियन भाषेत ‘रोमेओ’ म्हणजे रोमच्या यात्रेला निघालेला माणूस. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ नुसताच ‘रोमन’. पूर्वेकडील रोमन साम्राज्यातले लोक स्वतःला तसे म्हणवीत, आणि त्यांच्या मुलखाला मुसलमानी जगात ‘रूम’ म्हणत. कवी जलालुद्दीनला ‘रूमी’ हे नाव त्यावरूनच पडले. पश्चिमेकडे मात्र तो शब्द यात्रेकरूला चिकटला. इटालियन कवी दान्तेने तेराव्या शतकाच्या अखेरीस ‘ला व्हीता नुओव्हा’ या पुस्तकात याची चोख फोड केली आहे: समुद्रापलीकडच्या पुण्यभूमीहून खजुराच्या झावळ्या आणणारे ते ‘पाल्मिएरी’, स्पेनमधील गॅलिसियात संत याकोबाच्या समाधीला जाणारे ते ‘पेरेग्रिनी’ आणि रोमला जाणारे ते ‘रोमेई’. आपण पंढरीच्या वाटेवरच्याला वारकरी आणि मक्केहून परतलेल्याला हाजी म्हणतो, तसेच हे.

प्रियकर ही ओळख बरीच नंतरची. लुइजी दा पोर्तो याने १५३० च्या सुमारास याच व्हेरोनातील दोन वैरी घराण्यांची कथा लिहिली आणि नायकाला हे नाव दिले; पुढे ती हस्ते परहस्ते शेक्सपिअरपर्यंत पोहोचली, आणि त्याचे नाटक १५९७ मध्ये छापले गेले. नावाचा अर्थ त्याला ठाऊक असावा असे मला वाटते, कारण पहिल्याच भेटीत रोमिओ आपल्या ओठांना लाजेने लाल झालेले दोन यात्रेकरू म्हणतो, आणि ज्युलिएटही त्याला ‘यात्रेकरू’ म्हणूनच संबोधते. टवाळखोरी त्यात कुठेच नाही. ती आपल्याकडे जोडली गेली.

येथे नावाचा उच्चार ‘मे’वर जोर देऊन करतात. बाळाच्या आजीला मी वारीविषयी सांगितले, तेव्हा तिने तुम्ही किती दिवस चालता हे दोनदा विचारून घेतले. यंदा निघण्यापूर्वी गुडघा मात्र डॉक्टरांना दाखवून घ्यावा. आईस नमस्कार.

आपला,
धाकटा